पाल्य, वय अठ्ठ्याहत्तर

९ जानेवारी

धाकटे,

'प्रिय' लिहिलेलं नाही. ते नजरचुकीने राहिलेलं नाही.

तुझ्या वकीलबाईंनी कळवलंय की यापुढे जे सांगायचं ते लेखी सांगा, फोन करू नका, फाटकाशी येऊन तमाशा करू नका. तमाशा मी केला नव्हता. तुमच्या वसतिगृहाच्या पहारेकऱ्याला मी एवढंच विचारलं की आत वॉर्डनबाईंचे जे वडील राहतात ते माझेही वडील लागतात, तर त्यांना भेटायला परवानगी कुणाची? तो म्हणाला, "मॅडमची." यावर माणसाचा आवाज चढणार नाही तर काय होईल?

कोर्टाच्या आदेशाची प्रत मिळाली. इंग्रजीत आहे. तू 'गार्डियन', बाबा 'वॉर्ड'.

मी सध्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कामात डब्ल्यूवर आहे, हे तुला माहीत असायचं कारण नाही, तू कधी विचारलेलं नाहीस. माझ्या टेबलावर या आठवड्यात आलेला शब्द नेमका हाच. आपल्याकडे तो शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. दवाखान्यातला वॉर्ड, नगरपालिकेचा वॉर्ड, तुरुंगातला वॉर्ड. तिन्हींत एकच गोष्ट: एक तुकडा आखून घ्यायचा आणि त्याच्यावर नजर ठेवायची. त्यानंतर येतो कायद्यातला अर्थ. जो स्वतःचं स्वतः बघू शकत नाही म्हणून दुसऱ्याच्या हवाली केलेला आहे, तो. याला जुन्या कोशांत 'पाल्य' दिलंय. मीही तेच लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. पाल्य म्हणजे शाळेच्या चिठ्ठीतला: 'आपल्या पाल्याने गृहपाठ केलेला नाही.' ज्या माणसाने उभी हयात कोपऱ्यावरच्या त्या खोपटात किल्ल्या घासून आपल्या दोघींना शिकवलं, त्याला तू पाल्य करून घेतलंस.

आणि कशावरून? ते वसतिगृहातल्या एका मुलीच्या खोलीचं कुलूप उघडून आत जाऊन बसले यावरून. बसले, धाकटे. खुर्चीत बसले. तिच्या तांब्यातलं पाणी प्यायले. कुलपं उघडण्यात जन्म गेलेला माणूस बंद कुलूप दिसलं की उघडणारच. तू त्याला एवढं रूप दिलंस की पोलीस, वकील, डॉक्टरचा दाखला, कोर्ट!

भेटीची वेळ कळव.

तुझी थोरली बहीण


३ फेब्रुवारी

धाकटे,

'रविवारी चार ते पाच.' एवढंच पत्र तू पाठवलंस. त्यापेक्षा तुरुंगवाले बरे, ते निदान कैद्याचा नंबर तरी लिहितात.

आले होते ते तुला माहीतच आहे, दार तूच उघडलंस. पण जे मी तिथे बोलले नाही ते इथे लिहिते. बाबांच्या खोलीला तू बाहेरून ते बटणांचं कुलूप लावलंस. आकडे दाबायचे की उघडतं, किल्लीच नाही. अगं, दुसरं काहीही लावायचं होतं. कडी लावायचीस, टेबल सरकवायचंस. कुलूपवाल्याला असं कुलूप लावायचं म्हणजे गवयाच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखं आहे.

तू चहा करायला गेलीस तेव्हा ते मला म्हणाले, "पंडित, याला भोक कुठाय?"

मला ओळखलं त्यांनी. त्या दिवशी ओळखलं, लिहून ठेव. तुला ठिणगी म्हणायचे, मला पंडित, दोन्ही नावं जागेवर होती.

मी म्हटलं, "बाबा, याला भोक नसतं. नवीन पद्धतीचं आहे."

"मग ते कुलूप नाही," ते म्हणाले. "ती भिंत आहे." आणि मग अगदी हळू, तुझ्या स्वयंपाकघराकडे बघत, "ही मला कोंडते गं."

तू चहा घेऊन आलीस आणि आम्ही दोघं गप्प झालो. तुला वाटलं असेल, नेहमीसारखंच माझं तोंड फुगलंय.

जाताना तू जिन्यात म्हणालीस, "ताई, तू तासभर येतेस. बाकीचं मला असतं." तू तुझं वाक्य पाठ करून ठेवलेलं दिसत होतं.

तुझ्या पदाबद्दल एक माहिती फुकट देते. वॉर्डन आणि गार्डियन हे मुळात एकच. जर्मन टोळ्यांचा एक शब्द होता, अर्थ 'लक्ष ठेवणे'. तो फ्रान्समध्ये गेला. तिथले उत्तरेकडचे लोक त्याला 'व' लावून म्हणत, मधले 'ग' लावून. इंग्रजांनी आधी उत्तरवाल्यांकडून घेतला, त्याचा झाला वॉर्डन. मग काही काळाने दुसऱ्यांकडून तोच पुन्हा घेतला, तो झाला गार्डियन. एकच माणूस दोन दारांनी आत आला आणि दोन नावांनी राहू लागला. एकाच्या वाट्याला किल्ल्यांचा जुडगा आला, दुसऱ्याच्या वाट्याला माया. कोर्टाने तुला दुसरं नाव दिलंय खरं. तू अजून पहिल्यावरच आहेस.

मी अर्ज केला आहे. पालकत्व मला मिळावं म्हणून. नोटीस येईल.

थोरली बहीण


२१ मार्च

धाकटे,

माझी तयारी पूर्ण होती. शेजारच्या प्राध्यापकांनी माझ्या चारित्र्याबद्दल लिहून दिलं होतं. माझ्या घराचा नकाशा होता, बाबांसाठी काढून ठेवलेल्या खोलीचा फोटो होता. 'ही मला कोंडते' हे वाक्य माझ्या वकिलाने दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा चष्मा काढून. तुझ्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी बघितलं. तू पंख्याकडे बघत होतीस.

मग न्यायाधीशबाईंनी तुला विचारलं, "तुमचं म्हणणं काय?"

आणि तू उठून म्हणालीस, "नेऊ दे तिला."

"म्हणजे विरोध नाही?"

"नाही. ताई शिकलेली आहे. तिला प्रत्येक गोष्टीसाठी शब्द सापडतो. बाबांना तिच्याकडे बरं वाटेल."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मला ते ऐकू आलं नाही असं तुला वाटलं असेल.

तू भांडायला हवं होतंस. सहा वर्षं तू केलंस म्हणतेस, मग सहा वर्षं जी गोष्ट धरून ठेवली ती अशी सोडून देतात? फाटलेली पिशवी टाकतात तशी? मी आले नाही, आले नाही, हे तू सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरलीस. मी येत होते. जेव्हा जमेल तेव्हा येत होते. कोशाचं काम म्हणजे काय ते वसतिगृहात मुलींची हजेरी घेणाऱ्याला कळणार नाही. एका शब्दापायी महिना जातो.

अवॉर्ड हाही त्याच कुळातला. आज त्याचा अर्थ बक्षीस, पण मूळचा अर्थ न्यायाधीशाने नीट पाहून दिलेला निकाल. म्हणजे परवा मला मिळाला तो अवॉर्ड. संपादकसाहेबांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "अभिनंदन. पण ही नोंद चार ओळींत बसवा. पोरांना परीक्षेत अर्थ विचारतात, वंशावळ विचारत नाहीत."

शनिवारी टॅक्सी घेऊन येते. बाबांचे कपडे, औषधं आणि औषधांच्या वेळा लिहून तयार ठेव.

थोरली बहीण


५ एप्रिल

धाकटे,

बाबा मजेत आहेत. हे तुला कळवणं माझं काम नाही, तरी कळवते.

इथे कुठलंही बटणबिटण नाही. मी त्यांना जुन्या बाजारातून एक पोतंभर कुलपं आणून दिली, गंजलेली, किल्ल्या हरवलेली. ते खिडकीशी बसतात आणि एकेक सोडवतात. तुझ्याकडे सहा वर्षांत हे कुणाला सुचलं नाही याचं मला नवल वाटतं. काल मी एक उघडं करून विचारलं, "बाबा, हे आतले आडवे कंगोरे कशासाठी?" तर लगेच म्हणाले, "चुकीची किल्ली आत जाऊ नये म्हणून. बरोबर किल्लीला तिथे खाच असते." त्या कंगोऱ्यांनासुद्धा इंग्रजीत वॉर्डच म्हणतात! मी पळत जाऊन तो अर्थ नोंदीत घातला. बाबांना सांगितलं, "तुमच्यामुळे एक अर्थ वाढला." ते म्हणाले, "बाई, तुमची कृपा."

बाई म्हणतात मला. शाळेतल्या बाई असाव्यात, किंवा दवाखान्यातल्या. वयोमानाने होतं तसं. पंडित म्हणतील हळूहळू, जागा नवीन आहे.

तुझी चौकशी करतात. रोज चार वाजले की दाराशी जाऊन उभे राहतात. "ठिणगी शाळेतून आली का?" मी सांगते की ती आता मोठी झाली, नोकरी करते. ते म्हणतात, "बरं. पण आली का?"

औषधांच्या वेळा तू लिहून दिल्या होत्यास, त्यातली संध्याकाळची पांढरी गोळी कशासाठी ते लिहिलं नव्हतंस. मी ती बंद केली. उगाच गुंगी आणतात या गोळ्या.

त्यांच्या मनगटाला जरा खरचटलंय, जिन्यात. विशेष काही नाही. एकच मजला खाली गेले होते.

ताई


३० एप्रिल

धाकटे,

तुझ्याकडे जे बटणांचं कुलूप होतं ते कुठल्या दुकानातून आणलंस? इथल्या दोन दुकानांत विचारलं, नाही म्हणाले. एका ओळीत कळव, जास्त लिहायची तसदी घेऊ नकोस.

ताई


१९ मे

धाकटे,

तू दुकानाचा पत्ता लिहिलास आणि खाली लिहिलंस, 'कुलूप बसवायला येणारा माणूस चांगला आहे, बाबांना त्याच्याशी बोलू दे, तो ऐकून घेतो.' बाकी एक अक्षर नाही. टोमणा नाही. 'बघ, मी म्हणत नव्हते?' असंही नाही. मी पत्र उलटून पाठची बाजूसुद्धा बघितली.

तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून यायच्या आत मीच सांगते. वरच्या मजल्यावर एक नर्सबाई राहते. तिची पाच वर्षांची मुलगी दुपारी तासभर एकटी असते, बाहेरून कुलूप लावून. बाबांनी ते उघडलं. आत जाऊन बसले, बसले फक्त. मुलगी घाबरून न्हाणीघरात शिरली आणि आतून कडी लावून घेतली. मग बाबा ती कडी उघडायला लागले. त्यांना वाटलं असेल, पोर अडकलंय, सोडवावं. ती आतून किंचाळते आहे, हे बाहेरून धीर देताहेत, "घाबरू नकोस ठिणगी, निघालंच बघ." तेवढ्यात तिची आई आली.

तिने हातातली छत्री मारली. कपाळावर तीन टाके पडले. मी ऑफिसात होते.

पोलिसात गेली नाही ती, मी पाया पडले म्हणून. खरंच पडले, जिन्यात, लोकांसमोर. ती म्हणाली, "मी स्वतः आजारी माणसांचीच सेवा करते. मला कळतं. पण माझी मुलगी आता झोपत नाही, त्याचं काय करू ते सांगा." मला एकही शब्द सापडला नाही. तू कोर्टात माझ्याबद्दल काय म्हणाली होतीस ते तेव्हा आठवलं आणि तुझा इतका राग आला की सांगता येत नाही.

तुमच्या वसतिगृहातल्या त्या मुलीचंही असंच झालं होतं का? तू मला तेव्हा इतकंच सांगितलं होतंस की ती घाबरली. किती घाबरली ते मी विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. की सांगितलं होतंस?

आता घराच्या दाराला तसंच कुलूप आहे, आकडे मी दाबते. पहिले काही दिवस ते दारावर थापा मारत होते. आता नाही मारत. पांढरी गोळी पुन्हा सुरू केली आहे. तुला ती कशासाठी ते माहीत होतं, मग लिहायला काय झालं होतं?

कोशातली नोकरी अर्धवेळ करून घेतली. संपादकसाहेब म्हणाले, "डब्ल्यू संपवा आणि हवी तेवढी विश्रांती घ्या." कुलपाचा अर्थ त्यांनी काढून टाकला. म्हणाले, अशी कुलपं आता कुठे राहिलीत? मी भांडले नाही. याच माणसाशी मी 'वॅगन'साठी दोन दिवस भांडले होते.

होमवर्ड, अपवर्ड यांच्या शेवटी जो वॉर्ड येतो, तो आपल्या वॉर्डचा कुणीही लागत नाही. मूळ वेगळं, त्याचा अर्थ 'वळणे'. नुसते दिसायला सख्खे. कोशात असं पुष्कळ असतं आणि आम्ही तिथे टीप देतो की फसू नका. आपल्या दोघींचं उलटं आहे. आपल्याला कुणी बहिणी म्हणणार नाही.

तुला सवड असेल तर एखाद्या रविवारी ये. माझ्यासाठी नाही. चार वाजता ते दाराशी उभे राहतात, ते मला बघवत नाही.

ताई


८ जून

धाकटे,

तू गेल्यावर लगेच लिहायला बसणार होते. जमलं नाही. बाबांना भरवायचं होतं, आणि मग मी तिथेच खुर्चीत झोपले.

रविवारी तू दारात उभी राहिलीस तेव्हा मला वाटलं होतं की तू आधी कुलपाकडे बघशील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. तू चपला काढल्यास आणि म्हणालीस, "किती वाळलीस गं." एवढ्या महिन्यांनी भेटल्यावर बोलायची ही रीत नव्हे. माझं सगळं उत्तर वाया गेलं.

बाबांनी तुला बघितलं आणि उठून उभे राहिले. नातं वगैरे आठवलं असेल की नाही देव जाणे, पण चेहरा उजळला. तू म्हणालीस, "चला बाबा, फिरून येऊ," आणि ते पायात चप्पल न घालताच निघाले, तूच घातलीस, खाली बसून, त्यांचा पाय मांडीवर घेऊन. ते करताना तुझा हात जराही अडखळला नाही. मला ते अजून जमत नाही. माझ्याकडून चप्पल नेहमी उलटी धरली जाते.

तुम्ही गेल्यावर घर रिकामं झालं. मला वाटलं होतं, तासभर वाचेन, जी नोंद अडली आहे ती बघेन. मी काहीच केलं नाही. बाबांच्या पलंगावर बसून राहिले. तिथून दार कसं दिसतं ते बघितलं. मग रडले, पण ते तुला सांगण्यासारखं नाही.

येताना तुम्ही दोघं हसत जिना चढत होतात. कशावर ते मला सांगितलं नाहीत. दारात बाबांनी तुझा हात धरला आणि मी समोर उभी असताना, जणू मी तिथे नाहीच अशा आवाजात, तुला म्हणाले,

"ही बाई मला कोंडते."

मी वाट बघत होते, धाकटे. तुझ्या हातात होतं. कोर्टात मी तेच वाक्य तुझ्याविरुद्ध दोनदा वाचायला लावलं होतं. नुसतं माझ्याकडे एकदा बघितलं असतंस तरी पुरलं असतं. मी तुझ्या जागी असते तर बघितलं असतं. बोललेही असते.

तू त्यांच्या शर्टाची वर गेलेली कॉलर सारखी केलीस आणि म्हणालीस, "कोंडत नाही बाबा. लक्ष ठेवते. रस्त्यावर गाड्या किती आहेत बघितलंत ना?"

ते माझ्याकडे वळून, मला नीट वरून खालपर्यंत न्याहाळून, तुझ्या कानाशी जाऊन म्हणाले, पण ऐकू आलंच, "स्वभावाने चांगली आहे तशी. हिला ठेवून घे."

तू हसलीस. आणि म्हणालीस, "घेते."

दूध उतू जातंय असं सांगून मी आत निघून गेले ते खोटं होतं. गॅसवर काहीच नव्हतं.

तुझा राग मी इतकी वर्षं नीट सांभाळून ठेवला होता. तू तो असा हातातून काढून घेतलास, मला विचारलंही नाहीस. आता मी काय करायचं ते सांग. क्षमा वगैरे मागायला मला जमणार नाही, तो शब्द माझ्या तोंडी शोभत नाही आणि तुलाही ऐकायला विचित्र वाटेल. डब्ल्यू संपलं. छापायला गेलं. वॉर्डच्या नोंदीत 'पाल्य'च ठेवलं, दुसरा शब्द मला सुचला नाही.

दाराचा आकडा बाबांची जन्मतारीख आहे. रविवारी मी दार उघडायला आले नाही तर बेल वाजवत बसू नकोस. बहुतेक झोपलेली असेन. तू आपली आत ये.

ताई